नीरेकाठचा जर्दाळू

नरसिंहपुरात, नीरा-भीमेच्या संगमापासून थोड्या अंतरावर, माझ्या परसात जर्दाळूचे एक झाड आहे. दिवाळीच्या सुक्या मेव्यातली अठळी ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवली, मग कुंडीत लावली. झाड छपराला टेकले, पण नऊ वर्षांत फूल एकही नाही.

यंदा शेजारचा एक तरुण विचारायला आला. एका रोपवाटिकेने त्याला कलमांचा भाव सांगितला होता. ‘काका, लडाखात थंडीनं मोहर जळतो म्हणत्यात. आपल्याकडं ती भीतीच न्हाई. एकरभर लावू का?’

त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. जर्दाळू वसंतात फार लवकर फुलतो, म्हणून उशिराची थंडी त्याचा घात करते. पण तेच झाड हिवाळ्यावाचून फुलतही नाही. आदल्या उन्हाळ्यात तयार झालेली कळी शरदात आतून मिटून घेते. मधेच ऊन पडले तरी फसायचे नाही, ही त्यामागची सोय. पुरेशी थंडी साठल्यावरच ती उघडायला तयार होते. ही थंडी तासांत मोजण्याची रीत अमेरिकेतील जॉर्जियात पीचवर काम करणाऱ्या वाइनबर्गर यांनी १९५० मध्ये रूढ केली: सुमारे ७ अंश सेल्सियसखालचे तास मोजायचे. जर्दाळूच्या बऱ्याच जातींना असे कित्येक शे तास लागतात. कॅलिफोर्नियातील ‘गोल्ड किस्ट’सारख्या कमी थंडीच्या जातीलाही ३०० च्या आसपास. आपल्याकडे पारा एवढा उतरतो तो मोजक्या पहाटे, आणि दुपारी पुन्हा तिशीकडे. पुढे इस्रायली संशोधकांनी दाखवले, की दुपारची अशी ऊब रात्रीची जमा पुसून टाकते.

‘मग डाळिंबाला देतो तसा ताण दिला तर?’ इंदापूरच्या माणसाला हे सुचणारच. पाणी तोडायचे, पानगळ करायची, मग पाणी सोडून बहार धरायचा: आंबे, मृग किंवा हस्त. पण डाळिंबाची झोप बाहेरून लादलेली असते, पाणी मिळाले की मोडते. जर्दाळूच्या कळीचे कुलूप आतून असते.

द्राक्षाचे उदाहरण अधिक अवघड आहे. तेही थंड मुलखाचे, तरी इथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून, डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावून आपण ते फुटवतो. मात्र द्राक्षाच्या डोळ्यातून नवी काडी फुटते आणि घड तिच्यावर येतो. जर्दाळूच्या फूलकळीत फक्त फूल असते. थंडी अपुरी पडली की ती न उघडताच गळते. माझ्या झाडाखाली फेब्रुवारीत तपकिरी कोंड्यासारखे पडते, ते हेच. आधी मी त्याला कीड समजलो होतो, दोन फवारण्या वाया घालवल्या.

एक वाट उरते. जावा बेटावर बाटूच्या डोंगराळ भागात सफरचंदाची तोडणी झाल्यावर पाने हाताने ओरबाडतात. कळी गाढ झोपण्याआधीच फुटते, वर्षाला दोन पिके निघतात. पण ते सफरचंद, आणि गाव समुद्रसपाटीपासून बरेच उंच.

त्या पोराला एकरभर लावू नको म्हणालो. तो डाळिंबाचीच रोपे आणणार आहे. मी माझ्या झाडाच्या दक्षिणेकडच्या एका फांदीची पाने नवरात्रात ओरबाडली. तिला पालवी फुटली आहे, अजून नुसतीच पालवी.