जठरातील जंतू, दाह आणि कर्करोग : वारंवार होणाऱ्या जळजळीकडे दुर्लक्ष करू नका

जबलपूर व परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी आरोग्यविषयक माहिती

पोटात जळजळ झाली की औषधाच्या दुकानातून गोळी आणावयाची आणि त्रास उलटला की पुन्हा तीच घ्यावयाची, अशी सवय अनेक घरांत आढळते. अशा गोळीने जठरातील आम्ल कमी होते. परंतु त्रासाचे मूळ जंतुसंसर्गात असेल, तर तो संसर्ग तसाच राहतो आणि जठराच्या अस्तराची हानी चालूच राहते.

हा जंतू कोणता?

त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी तो शोधला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याची गणना कर्करोगकारक घटकांत केली. हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातील निकट सहवासातून किंवा दूषित अन्नपाण्यातून होतो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे टिकतो. भारतात तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मात्र संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. म्हणून घाबरून जाऊ नये.

जनुकांवर काय परिणाम होतो?

जंतूमुळे जठराच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होतो. या दाहामुळे पेशींतील जनुकांवर मिथाइल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट चिकटू लागतात. पोथीतील अक्षरे शाबूत असावीत, पण पाने एकमेकांस चिकटल्याने ती वाचता येऊ नयेत, तसे येथे घडते. जनुकाची रचना बदलत नाही, पण त्याचे काम बंद पडते. यालाच अधिजनुकीय बदल म्हणतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे जनुकही असे बंद पडू शकते. पेशींची वाढ आवरणारी जनुके एकामागून एक निष्क्रिय झाली, तर अनेक वर्षांनंतर कर्करोगास वाट मिळते.

उपचाराने हे बदल पुसले जातात का?

काही प्रमाणात. जंतूचा नायनाट झाल्यावर दाह ओसरतो आणि यांतील काही खुणा कमी होतात. काही मात्र मागे उरतात. म्हणूनच उपचार जितक्या लवकर, तितका लाभ अधिक. अस्तराची हानी पुढे गेली असल्यास उपचारानंतरही डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तपासणी करीत राहावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• जळजळ किंवा पोटदुखी वारंवार होत असल्यास
• थोडे खाताच पोट भरत असल्यास किंवा वजन विनाकारण घटत असल्यास
• गिळताना त्रास, सतत उलट्या किंवा रक्तक्षय असल्यास
• आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणास जठराचा कर्करोग झाला असल्यास

रक्ताची उलटी झाल्यास किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जबलपुरात सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, म्हणजेच व्हिक्टोरिया, किंवा नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सल्ला घ्यावा.

तपासणी व उपचार

श्वासाची चाचणी, शौचाची चाचणी किंवा दुर्बिणीद्वारे तपासणी करून संसर्ग ओळखता येतो. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या व प्रतिजैविके यांमुळे जंतू असूनही चाचणीत तो दिसत नाही, असे होऊ शकते. म्हणून आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत.

उपचारात आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत दोन किंवा अधिक औषधे, बहुधा १४ दिवस दिली जातात. चार दिवसांत बरे वाटले तरी औषधे मध्येच थांबवू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. त्रास झाल्यास डॉक्टरांना विचारावे. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी.

घरात काय पाळावे?

• जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत.
• शुद्ध किंवा उकळून गार केलेले पाणी प्यावे.
• अति खारट पदार्थ कमी करून ताजी फळे व भाज्या खाव्यात.
• तंबाखू, विडी, गुटखा व मद्य टाळावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.

जळजळ केवळ दाबू नका. तिचे कारण वेळीच शोधून घ्या.