खरे बूट, खोटे बूट

मुलाने साठवलेल्या पैशांतून दुर्मिळ ‘एअर जॉर्डन’ बूट घ्यायचा हट्ट धरला, तर जरा थांबा. १९८५ साली अमेरिकेत ६५ डॉलरला मिळणाऱ्या या बुटांच्या त्या पहिल्या जोडांना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. नंतरच्या मोजक्या जोडांचेही भाव चढतात. साहजिकच नकला निघतात. जाणकार खोक्यावरचा क्रमांक बुटातल्या पट्टीशी ताडतात, टाके न्याहाळतात, गोंदाचा वाससुद्धा घेतात. तरी नजर चुकतेच. तपासून माल विकणाऱ्या ‘स्टॉकएक्स’ला ३७ नकली ‘नायकी’ जोड विकल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२५ साली जबाबदार धरले. जिथे पारखी फसतात, तिथे आपली काय कथा? भाव फारच उतरलेला असेल, पावती द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल, तर परत फिरा. हौसेला मोल नसते. मुलाच्या वर्षभराच्या बचतीला मात्र असते.