पहिला घोट धरणीला

विका हा तसा तरुण धर्म. जेराल्ड गार्डनर यांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये लोकांपुढे आणला. त्यातली कृतज्ञता शब्दांपेक्षा खाण्यापिण्यातून अधिक दिसते. विधी संपत आला की वर्तुळात केक आणि वाइन फिरते. मद्य न घेणाऱ्यांना फळांचा रसही चालतो. देवी-देवांचा वाटा मातीवर ओततात. विधी घरात असेल तर तो वाडग्यात काढून नंतर बाहेर नेतात.

आभाराचा खरा मोसम सुगीचा. १ ऑगस्टच्या सुमारास लामास हा सण, तेव्हा नव्या धान्याचा पाव. सप्टेंबरच्या विषुवदिनी मेबन, तेव्हा सफरचंदं नि द्राक्षं. मेबन हे नाव पुरातन वाटलं, तरी ते एडन केली या अमेरिकी लेखकाने १९७०च्या दशकात दिलेलं आहे.

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून ऑस्ट्रेलियातले अनेक विकापंथी लामास फेब्रुवारीत साजरा करतात.