राष्ट्रीय उद्यानाची व्यवस्था आणि लगतचा शेतकरी

शेताची मोजणी करावयाची झाली म्हणजे लगतच्या कब्जेदारांस आगाऊ नोटीस द्यावी लागते, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हद्दीच्या खुणा त्यांच्यासमक्ष दाखविल्या म्हणजे पुढील तंटा पुष्कळ अंशी टळतो. शेजारी हजर नसता रोविलेला दगड फार दिवस जागेवर राहत नाही, असा महसुली दप्तरात हयात घालविलेल्या आम्हांस अनुभव आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थेसही हाच न्याय लागू पडतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचेच उदाहरण घेऊ. येथील ११६.५५ चौरस किलोमीटर वन १९५५ साली राष्ट्रीय उद्यान ठरले. १९८६ साली लगतच अंधारी अभयारण्य झाले व १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे २०१० साली सभोवतालचा विस्तीर्ण मुलूख ‘बफर’ म्हणून जाहीर झाला. ताडोबा हे नाव तारू या तेथील आदिवासींच्या दैवतावरून पडले असे सांगतात. म्हणजे या वनाशी माणसाचा संबंध उद्यानाहून जुना आहे.

येथे वाघ नांदतात, ही भूषणाची गोष्ट होय. परंतु याच बफरमध्ये धान, कापूस व सोयाबीन पिकविणारी गावे आहेत. रानडुकरे व रोही हाती आलेले पीक एका रात्रीत तुडवून टाकतात. पिकाच्या जागलीस गेलेला शेतकरी किंवा पहाटे मोहफुले वेचण्यास गेलेली स्त्री घरी सुखरूप परतेल, याची खात्री नसते. उद्यानाच्या योजनेत कोणती पायवाट बंद करावी, पाणवठे कोठे करावे, गुरे कोठवर चारावी, कुंपण कोठे घालावे, हे सर्व ठरते. अशी योजना सामान्यतः दहा वर्षांची असते. तेव्हा एक सभा चुकली, तर दहा पिकांचा प्रश्न हातचा जातो!

कायदा याबाबतीत मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास २००६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार व्याघ्रसंवर्धनाची योजना करताना तेथील लोकांचे शेती व उपजीविकेचे हित सांभाळणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. बफरची मर्यादा ग्रामसभा व तज्ज्ञ समिती यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावयाची असते. २०२२ च्या दुरुस्तीने, जेथे वनहक्क कायदा लागू आहे तेथील अभयारण्याची व्यवस्थापन योजनाही ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच तयार झाली पाहिजे असे ठरले. गाव उठवावयाचे असल्यास मात्र ग्रामसभेची समजून दिलेली संमती लागते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. अधिकाऱ्याने ऐकून घेतले व आपले तेच केले, तरी तो विचारविनिमय झाला असे म्हणता येते. म्हणून तोंडी तक्रारीस फारसे मोल नाही. ठरावाच्या वहीत जे उतरले तेच टिकते.

यास्तव सरकारकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, योजनेचा मसुदा कायम होण्यापूर्वी मराठीत, नकाशासह, चावडीवर लावावा व सभेत वाचून दाखवावा. दुसरी, सभा पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात ठेवू नये. तिसरी, प्रत्येक हरकतीस कारणांसह लेखी उत्तर द्यावे. ‘नोंद घेतली’ एवढ्याने भागू नये.

परंतु गावानेही आपले काम केले पाहिजे. नुकसानीचा पंचनामा होईल तेव्हा होवो. गावाने आपली स्वतंत्र वही ठेवावी व तीत तारीख, गट नंबर, पीक, जनावर व नुकसानीचे क्षेत्र टिपावे. दोन-तीन वर्षांची अशी वही असली म्हणजे कुंपण कोठे हवे हे वादाने ठरवावे लागत नाही. जुन्या मध्यप्रांतातील गावांची निस्तारपत्रके व वाजिब-उल-अर्ज दप्तरात आहेत. त्यांच्या नकला काढाव्या. जळण, चराई, पाणी व वाटा यांच्या वहिवाटी त्यांत लिहिलेल्या सापडतात, आणि निस्ताराचा हक्क वनहक्क कायद्यानेही मानला आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे, तो कागदावर ठेवू नये. कारण सरपण व मोहफूल यांसाठी रानात कोण कोठे जाते हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

‘वाघच नको’ असा ठराव करून काहीही साधत नाही, आणि तसे आमचे मतही नाही. मागणी जितकी नेमकी, तितकी ती नाकारणे अवघड. वनरक्षक रात्री एकटा फिरतो. वणवा पेटला वा चोरटा शिकारी शिरला तर त्याची पहिली मदत लगतचे गावच करू शकते. ज्या योजनेत आपलाही शब्द आहे, तिच्यासाठी गाव रात्री-अपरात्री धावून जाईल. जी योजना नुसती कानावर आली, तिच्यासाठी कोण उठणार? वनखात्याने याचा विचार करावा, आणि पुढील ग्रामसभेच्या दिवशी शेतकरी बंधुभगिनींनी घरी राहू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.