विश्लेषण : ‘वांग’ एक, संशोधक हजारो… मग बीडच्या जाधव, पवार, मुंडेंचे काय?

२०२५ मध्ये बीड जिल्ह्यात आडनावांची मोठी चर्चा झाली. जिल्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढले आणि केवळ नाव ठेवले. आडनावावरून समोरच्याची जात ताडली जाते, ते थांबावे हा त्यामागचा हेतू. म्हणजे इथे आडनाव गरजेपेक्षा जास्त सांगते, अशी तक्रार होती. संशोधनाच्या जगात तक्रार नेमकी उलटी आहे. तिथे आडनाव फारच कमी सांगते. एकाच आडनावाखाली हजारो माणसांचे काम एकत्र होते आणि कोणाचे काय, हे कळेनासे होते. चीनमधील संशोधकांना याचा फटका सर्वाधिक बसला. पण बीड, परळी, अंबाजोगाईत पीएच.डी. करणाऱ्यांसाठीही हा प्रश्न दूरचा नाही.

हा गोंधळ नेमका काय?

शोधनिबंधाखालील संदर्भसूचीत लेखकाचे पूर्ण नाव बहुधा नसते. आडनाव आणि नावाची आद्याक्षरे, एवढेच छापले जाते. ही पद्धत ज्या समाजांत आडनावे भरपूर आणि वेगवेगळी आहेत तिथे चालून जाते. चीनमध्ये ती कोलमडते. वांग, ली, झांग, लिउ आणि चेन या पाच आडनावांतच तिथली सुमारे ३० टक्के लोकसंख्या सामावते. एकट्या ‘वांग’ आडनावाची माणसे दहा कोटींहून अधिक आहेत. त्यामुळे सूचीत ‘वांग, वाय.’ असे दिसले तर ती व्यक्ती कर्करोगावर काम करणारी, पुलांचे आराखडे करणारी की भातावरील रोगांचा अभ्यास करणारी, हे नावावरून सांगता येत नाही.

‘वांग’ नावाखाली किती तऱ्हेचे काम आहे?

‘वांग’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘राजा’. १८व्या शतकात वांग झेनयी या स्त्रीने ग्रहणांचा अभ्यास करून ती सोप्या भाषेत समजावली. वयाच्या तिशीच्या आतच तिचे निधन झाले. २०व्या शतकातील हाओ वांग हे तर्कशास्त्रज्ञ. रंगीत कडांच्या चौकोनी फरश्या जोडण्याचे जे कोडे त्यांनी १९६१ मध्ये मांडले, ते संगणकशास्त्रात आजही ‘वांग टाइल्स’ म्हणून शिकवले जाते. वांग गानचांग हे अणुभौतिकीतले, तर वांग ली हे चिनी भाषेचे व्याकरणकार. चौघांचे क्षेत्र वेगळे, पद्धत वेगळी. त्यांना जोडणारा धागा एकच, आडनावाचा. आद्याक्षरांच्या सूचीत ‘वांग, एल.’ आणि ‘वांग, जी.’ एवढेच उरले, तर त्यांना त्याच आद्याक्षराच्या इतर असंख्य वांगांपासून वेगळे काढणे अवघड.

रोमन लिपीने गोंधळ कसा वाढवला?

चिनी लिपीत नावे वेगळी दिसतात. रोमन लिपीत आणताना उच्चारातील चढउतार आणि अक्षरातील फरक गळून पडतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकाने २००७ मध्ये ‘कोणते वेई वांग?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे संपादकीय छापले. चिनी लिपीत वेगवेगळी लिहिली जाणारी आठ नावे रोमन लिपीत ‘वेई वांग’ अशी एकच होतात, हे त्यात दाखवले होते. त्यानंतर लेखकांना रोमन नावाशेजारी आपल्या लिपीतील नाव छापण्याची मुभा मिळाली.

याची दुसरी बाजूही आहे. एकच आडनाव प्रांत आणि बोलीनुसार वेगवेगळे लिहिले जाते. मंदारिनमधले ‘वांग’ हाँगकाँगमध्ये ‘वाँग’ होते, तर ‘चेन’चे ‘चान’ किंवा ‘तान’ होते. १९५७ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे त्सुंग-दाओ ली आणि १९८६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे युआन ली यांच्या आडनावाचे स्पेलिंग दोन ‘ई’ लावून होते. तेच चिनी आडनाव आज ‘आय’ लावून लिहिले जाते. म्हणजे अनेक माणसे एका नावात मिसळतात आणि एक माणूस अनेक नावांत विखुरतो. दोन्ही दोष एकाच वेळी घडतात.

मराठी आडनावांबाबतही असे होते?

होते. श्रीनिवास आर. कुलकर्णी हे खगोलशास्त्रज्ञ. १९८२ मध्ये सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधात त्यांचा वाटा होता. रवी एस. कुलकर्णी हे गणितज्ञ, भूमितीतील ‘कुलकर्णी-नोमिझू गुणाकार’ त्यांच्या नावाने ओळखला जातो. एक ‘एस. आर.’, दुसरे ‘आर. एस.’. आद्याक्षरांची अदलाबदल झाली की तारे आणि भूमिती एकाच खात्यात जमा. इतिहासकार अ. रा. कुलकर्णींचे शिवकालीन महाराष्ट्रावरील काम हे आणखी तिसरेच.

वांगचा अर्थ राजा, तसे कुलकर्णी हेही मुळात गावच्या हिशेबनिसाचे पद. पाटील, देशमुख, जोशी यांचेही तेच. गावोगावी पदे होती, म्हणून गावोगावी ती आडनावे झाली. त्या सगळ्यांचे मूळ घराणे एक नाही. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे तर अनेक जातींत आणि बंजारा तांड्यांवरही आढळतात. ‘चव्हाण’चे रोमन स्पेलिंग तीन-चार प्रकारे होते. बीडमधील एखाद्या महाविद्यालयाच्या हजेरीपटात एकाच आडनावाचे पंधरा-वीस जण सापडले तर कोणालाच नवल वाटत नाही.

आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. परदेशी सूची त्याला व्यक्तीचेच दुसरे नाव समजतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नावही बंधनकारक केले आहे. स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव, असे चार भाग. ही पिढी संशोधनात उतरेल तेव्हा ही चार भागांची नावे कशी नोंदवायची, हे सूचींना ठरवावे लागेल.

महिला संशोधकांची अडचण वेगळी का?

समजा, केज तालुक्यातील एका मुलीने लग्नाआधी कापसावरील गुलाबी बोंडअळीवर दोन निबंध छापले. लग्नानंतर तिचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले आणि पुढचे दोन निबंध नव्या नावाने आले. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बाई झाल्या. काहींचे तर पहिले नावही सासरी बदलते. तेव्हा जुन्या-नव्या नावांत एकही अक्षर समान राहत नाही. चिनी विवाहित स्त्रिया साधारणपणे माहेरचे आडनाव कायम ठेवतात. त्यामुळे ही अडचण आपल्याकडेच अधिक टोचते.

गावाचे नावही फसवते का?

नाव जुळले तर संस्था आणि गाव पाहून माणूस ओळखावा, असा एक तोडगा असतो. पण बीडबाबत तोही डळमळतो. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात या जिल्ह्याचे स्पेलिंग ‘भीर’ असे वाचले जाईल असे आहे. जनगणनेच्या नोंदींत ते ‘बी-आय-डी’ होते. आज दोन ‘ई’ लावले जातात. यातले ‘बी-आय-डी’ टाकून शोध घेतला तर लिलावातील बोलीवरचे निबंध समोर येतात आणि औषध ‘दिवसातून दोनदा’ घेण्याच्या वैद्यकीय खुणेचेही. देवनागरीत ‘बीड’ शोधले तर ओतीव लोखंड.

अंबाजोगाई निजामाच्या काळात ‘मोमिनाबाद’ होते. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते १९५८ मध्ये ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून सुरू झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. २०२३ मध्ये शहराचे नाव औरंगाबादऐवजी छत्रपती संभाजीनगर झाले. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. एकाच विभागात तीस वर्षे शिकवलेल्या प्राध्यापकाचे निबंध त्यामुळे तीन-चार पत्त्यांवर नोंदलेले दिसू शकतात. हा घोळ मिटवण्यासाठी २०१९ पासून जगभरातील संशोधन संस्थांना स्वतंत्र ओळख देणारी ‘रोर’ ही नोंदवही सुरू झाली आहे.

हा प्रश्न नवा आहे?

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो चांगलाच परिचित आहे. ‘नामा’ ही नाममुद्रा संत नामदेवांची. पण १६व्या शतकात विष्णुदास नामा हेही कवी होऊन गेले. त्यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. कोणता अभंग कोणाचा, हे भाषा, काळ आणि उल्लेख तपासून वेगळे करण्यात अभ्यासकांची मोठी मेहनत खर्ची पडली. गणितात दोन भास्कर झाले, म्हणून इतिहासकार ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे क्रमांक लावतात. ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते, तर विदर्भातील अंभोऱ्याचाही त्यांच्यावर दावा आहे. म्हणजे मराठीच्या आद्यकवीचा ‘पत्ता’ही वादातून सुटला नाही. फरक इतकाच, की तेव्हा या घोळाने कोणाची नोकरी अडत नव्हती.

आज नुकसान कोणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकांच्या निवड-पदोन्नतीत संशोधनाला गुण आहेत. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला मार्गदर्शक होण्यासाठी पीएच.डी.सोबत किमान तीन निबंध लागतात. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांना पाच. केजच्या त्या प्राध्यापिकेचे निबंध चार. पण नव्या नावाने शोधले तर दोनच दिसतात. छापील प्रती आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडून ती हक्क सिद्ध करू शकते. तरी प्रत्येक अर्जाला, प्रत्येक समितीपुढे हे नव्याने करावे लागते.

यात तिचे एकटीचे नुकसान नाही. जिल्ह्यात एक मार्गदर्शक वाढला तर काही विद्यार्थ्यांची संभाजीनगरची वारी वाचते. घरातून पहिल्यांदाच पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या, एसटीच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्या मुलांसाठी ही बाब लहान नाही.

उलट बाजूचे नुकसानही आहे. आपोआप तयार होणाऱ्या प्रोफाइलमध्ये नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंध येऊन बसतात. त्यातला एखादा गैरप्रकारामुळे मागे घेतलेला असेल तर बालंट भलत्यावर येते. दुसऱ्याचे निबंध मुद्दाम ठेवून आपला आकडा फुगवणेही सोपे होते. उद्धरणांवरून संशोधकाचे वजन मोजणारा ‘एच-निर्देशांक’ २००५ मध्ये आला, त्यानंतर हा मोह वाढला.

उपाय कोणता?

ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘ऑर्किड’ ही ना-नफा व्यवस्था सुरू झाली. संशोधक तिच्यावर विनामूल्य नोंद करतो आणि त्याला १६ अंकांचा क्रमांक मिळतो. आधारच्या १२ अंकांप्रमाणेच यातही शेवटचा अंक पडताळणीचा असतो. टंकताना चूक झाली तर ती त्यावरून पकडली जाते. नाव, आडनाव, नोकरी, देश काहीही बदलले तरी क्रमांक बदलत नाही. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि देवनागरीतील नाव, सारे त्याच खात्यात पर्यायी नावे म्हणून नोंदवता येते.

भारतात गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची ‘विद्वान’ ही तज्ज्ञांची नोंदवही आहे. प्रबंध याच केंद्राच्या ‘शोधगंगा’वर ठेवले जातात. त्याशिवाय संशोधकाच्या हातातले उपाय साधे आहेत. पहिल्या निबंधापासून एकच स्पेलिंग ठेवणे, आद्याक्षराऐवजी पूर्ण नाव लिहिणे, निबंध पाठवताना क्रमांक देणे आणि वर्षातून एकदा आपली यादी तपासून परकी नोंद काढून टाकणे.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. क्रमांक घेऊन खाते रिकामे ठेवणारे आहेत, विसरून दोनदा नोंद करणारेही आहेत. खात्यातील यादी बरीचशी संशोधक स्वतःच भरतो. काम चांगले की वाईट, हे क्रमांक सांगत नाही. २०१२ पूर्वीचे, मराठीतील आणि स्थानिक नियतकालिकांतील लेखन तर या जाळ्याबाहेरच राहते. मराठवाड्याच्या इतिहासावर, बोलीवर, ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांवर झालेले बरेच काम याच वर्गातले. ते कोणाचे, हे आजही ग्रंथपालाला किंवा जुन्याजाणत्या प्राध्यापकालाच विचारावे लागते. ही माणसे निवृत्त होण्याआधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आपल्याकडील लेखकांची पूर्ण नावानिशी सूची केली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

पोलीस ठाण्यातील नावपट्टीवरून आडनाव गेले, ते माणसाकडे आधी माणूस म्हणून पाहिले जावे यासाठी. निबंधावर क्रमांक आला, तो ज्याचे काम त्याच्या नावावर राहावे यासाठी. बीजिंगचे वांग असोत की बीडचे पवार, एका आडनावात माणूस मावत नाही, हेच दोन्हीकडे मान्य झाले आहे.