ख्रिस्ती शिष्यत्वाची दोन रूपे : ना. वा. टिळक आणि डीट्रिश बॉनहोफर

ख्रिस्ताच्या शिकवणुकीनुसार नियमबद्ध जीवन जगणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी बायबलमध्ये ‘शिष्य’ हा शब्द योजलेला आहे. मूळ ग्रीक ‘मथेतेस’ या शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ असा होतो. ‘शिष्य’ हा शब्द ‘शास्’ या धातूपासून आलेला असून त्यात शिकवणे आणि नियमन करणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. शिवाय मराठी वाचकाच्या मनात त्याबरोबर गुरुपरंपरा आणि संतवाणी यांचे संदर्भही जागे होतात. जर्मन भाषेतील ‘नाखफोल्गे’ या संज्ञेत भर आहे तो मागोमाग चालण्यावर. या अर्थच्छटा प्रत्यक्ष आचारधर्माशी कशा निगडित असतात, हे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि डीट्रिश बॉनहोफर (१९०६–१९४५) यांच्या संदर्भात पाहता येते. टिळकांच्या निधनसमयी बॉनहोफर तेरा वर्षांचे होते. तेव्हा येथे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. तुलना आहे ती एकाच प्रश्नाला मिळालेल्या दोन उत्तरांची. चर्चचा सभासद असणे आणि ख्रिस्ताचा शिष्य असणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय, हा तो प्रश्न होय.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ कार्य केले. तुकोबांच्या वाणीच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू, माउली आणि सखा अशा नात्यांनी येतो, तो यामुळेच. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुसंघात अभिप्रेत होते. येथे शिष्यत्वाची कसोटी संस्कारविधीकडून अनन्य निष्ठेकडे सरकते. वेतनत्यागाचा अर्थही याच दृष्टीने लावावा लागतो : परकीय संस्थेच्या आश्रयाने मिळणारे स्थैर्य टिळकांच्या लेखी शिष्यवृत्तीशी विसंगत ठरले होते.

बॉनहोफर यांच्यापुढील पेच वेगळा होता. जर्मनीत बाप्तिस्मा हा जवळजवळ जन्मसिद्ध झाला होता आणि १९३३ नंतर चर्चमधील एक मोठा गट नाझी राजवटीशी जुळवून घेत होता. ‘नाखफोल्गे’ (१९३७) या ग्रंथात त्यांनी डोंगरावरील प्रवचनाचे विवरण करताना ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद केला. आज्ञापालनाविना लाभणारी क्षमा ही स्वस्त कृपा होय. श्रद्धा आणि आज्ञापालन यांची फारकत त्यांना अमान्य होती. १९३५ पासून फिंकेनवाल्डे येथील धर्मशिक्षणकेंद्रात त्यांनी सामूहिक प्रार्थना, शास्त्रवचनावरील दैनंदिन मौन चिंतन आणि सहजीवन यांचा नियम घालून दिला. त्यापूर्वी गांधीजींच्या आश्रमात राहण्याचा त्यांचा मानस होता आणि १९३४ मध्ये गांधीजींनी त्यांना निमंत्रणही दिले होते. मात्र तो योग आला नाही. गेस्टापोने १९३७ मध्ये ते केंद्र बंद केले. पुढे १९४३ मध्ये बॉनहोफर यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

दोघांनीही नामधारी धर्मीयत्व नाकारले. मात्र त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. टिळक समुदायाची सीमा सैल करतात, तर बॉनहोफर सभासदत्वाचे मोल वाढवितात. टिळकांचे माध्यम अभंग आहे. त्यात शिस्त ही प्रेमाचे फलित म्हणून येते. बॉनहोफर भाष्याची वाट धरतात. तेथे प्रेमाची प्रचीती आज्ञापालनातूनच येते. दोन्ही भूमिकांना आपापल्या मर्यादा आहेत. गुरुभक्तीच्या परिभाषेत ख्रिस्त अनेक गुरूंपैकी एक ठरण्याचा संभव राहतो, तर ‘मोल’ या कल्पनेवर एकांगी भर दिल्यास कृपेचे दानस्वरूप झाकोळते. स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आतच टिळकांचे निधन झाल्याने दरबाराची घडी बसण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. त्यामुळे त्यांच्या शिष्यत्वविचाराचा मुख्य पुरावा म्हणून त्यांच्या अभंगांकडेच वळावे लागते. भारतीय ख्रिस्ती साहित्याच्या तौलनिक अभ्यासात या रचनांची नोंद भक्तिगीते म्हणून होते. एका धर्मशास्त्रीय भूमिकेची मांडणी म्हणूनही त्यांचे वाचन होणे आवश्यक आहे.