मुदतीच्या तापानंतरचं ताट

टायफॉईडला मराठीत ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. ताप यायचा, तीन आठवडे मुक्काम ठोकायचा आणि मुदत भरली की उतरायचा. तोवर घरच्यांनी उशाशी बसून राहायचं. या मुदतीला पहिला खरा धक्का बसला तो १९४८ साली मलायात, क्वालालंपूरला. थिओडोर वुडवर्ड आणि जोसेफ स्मेडेल यांच्या चमूनं तिथल्या टायफॉईडच्या रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध दिलं आणि आठवडे रेंगाळणारा ताप काही दिवसांत उतरू लागला. त्यानंतर औषधं अनेकदा बदलली, कारण जंतूही बदलत गेला. घरातलं पथ्य मात्र क्लोरॅम्फेनिकॉलच्या आधीच्या काळात जिथं होतं तिथंच बसून आहे. ‘टायफॉईड आहे’ असं डॉक्टरांनी सांगितलं की स्वयंपाकघरात पहिला हुकूम सुटतो तो जेवण बंद करण्याचा. पेज, साबुदाणा, शहाळं, मोसंबी. पोळी नको, डाळ नको, दूध नको, अंड्याचं तर नावच नको. हे सगळं मायेपोटी होतं, यात शंका नाही. पण टायफॉईडमधून उठणाऱ्या माणसाला जपायचं असेल तर अन्नाच्या मऊपणाला जपावं, मात्रेला हात लावू नये. आपण मात्रेलाच कात्री लावतो आणि माणूस तापानं खंगला तितकाच पथ्यानंही खंगतो.

एक दिवस मोजून पाहू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, संध्याकाळी पुन्हा तेच. दुपारी आणि रात्री वाटीभर भाताची पेज. एका वाटी पेजेत तांदूळ जातो मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम. बाकी सगळं पाणी. तीस ग्रॅम तांदळाचे उष्मांक शंभराच्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. मधल्या वेळी साबुदाण्याची खीर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत; खिरीत काही कस असेल तर तो ओतलेल्या दुधाचा. एक शहाळं दिलं तर चाळीस-पन्नास उष्मांक, मोसंबीचा रस दिला तर आणखी तेवढेच. सगळी बेरीज सातशे उष्मांकांच्या आगेमागे थांबते आणि प्रथिनं बारा-पंधरा ग्रॅमच्या वर जात नाहीत. आजारातून उठणाऱ्या माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत असं आजचं आहारशास्त्र सांगतं. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. घरचे दिवसभर ‘थोडं घे, थोडं घे’ म्हणत मागे असतात, माणूसही सहा वेळा वाटी तोंडाला लावतो, आणि तरी प्रत्यक्षात तो उपाशी असतो. उपास चालला आहे हे ना त्याला कळत, ना वाढणाऱ्याला.

आणि हा उपास घडतो नेमका शरीराची भट्टी जोरात पेटलेली असताना. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात युजीन ड्युबॉय आणि वॉरन कोलमन यांनी टायफॉईडच्या रुग्णांना उष्णतामापक खोलीत ठेवून त्यांचं शरीर किती इंधन जाळतं ते मोजलं. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसनं वाढलं की स्वस्थ पडलेल्या माणसाचाही खर्च सुमारे तेरा टक्क्यांनी वाढतो, हा आज पाठ्यपुस्तकांत असलेला आकडा ड्युबॉय यांच्याच कामातून आला. ताप १०३ फॅरनहाइट असेल तर वाढ तीस टक्क्यांच्या आसपास जाते. पन्नास किलोचा माणूस अंथरुणावर पडून दिवसाला बाराशे उष्मांक जाळत असेल, तर तापात तो काही न करता साडेपंधराशे जाळतो. आत येतात सातशे. उरलेले शरीर स्वतःच्या साठ्यातून काढतं. आधी चरबी जाते असं आपण धरून चालतो, पण तापात स्नायूही झपाट्यानं झिजतात. पोटऱ्या सैल पडतात, गालफडं बसतात, जिना चढताना मांड्या थरथरतात. त्याला आपण ‘तापाचा अशक्तपणा’ म्हणतो. त्यातला बराचसा भुकेचा असतो.

हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला, म्हणून घरांना दोष देण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातले नामवंत डॉक्टरही तापाच्या रुग्णाचं रक्त काढत आणि त्याला पातळ पाण्यावर ठेवत. डब्लिनच्या मीथ रुग्णालयातल्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी हा शिरस्ता मोडला. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या तापात रुग्ण भुकेनं मरतो, हे ते विद्यार्थ्यांना खाटेशी उभं राहून दाखवत. ‘यानं तापांना जेवू घातलं’ एवढंच आपल्या थडग्यावर लिहा असं ते म्हणाले, अशी गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते. तरी त्यांच्यानंतर कित्येक दशकं टायफॉईडचा रुग्ण दुधावर आणि पातळ सारावरच राहिला. कोलमन यांनी दूध, साय, अंडी, लोणी, दुधातली साखर अशा मऊ पण भरपूर अन्नावर रुग्णांना दिवसाला तीन-चार हजार उष्मांकांपर्यंत नेलं, तेव्हा कुठे दिसलं की आजारी आतडं बहुतेक अन्न नीट पचवतं आणि पोटभर खाणारा रुग्ण आजाराच्या शेवटी हाडांचा सापळा होऊन उठत नाही.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप आतड्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टायफॉईडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिकापेशींच्या पुंजक्यांत घर करतात. पहिल्या आठवड्यात हे पुंजके सुजतात, दुसऱ्यात त्यांचा काही भाग मरतो, तिसऱ्यात तो गळून तिथं व्रण पडतो. क्वचित व्रण खोल जाऊन रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडतं; रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी शेकडा एक ते तीन जणांवर छिद्राची वेळ येते. मग अशा आतड्यावरून पोळीचा तुकडा गेला तर? पण पोळी तिथवर पोळी म्हणून पोचतच नाही. दातांनी चावलेलं, जठरात घुसळलेलं, पाचक रसांत मिसळलेलं अन्न त्या टोकाला येतं ते पातळ लगदा होऊन, मग ते पेजेचं असो की मऊ खिचडीचं. न पचता तसंच पुढे सरकतं ते कोंडा, सालं, बिया, कच्च्या भाज्यांचे धागे. म्हणून सालासकट उसळ, कच्ची कोशिंबीर, बाजरीची भाकरी, मक्याचं कणीस, ठेचा आणि तळण हे काही आठवडे बाजूला ठेवायला माझी पूर्ण संमती आहे. आतड्याला छिद्र पडतं ते जंतूंनी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीरानं केलेल्या नासाडीमुळे. अचानक पोटात जीवघेणी कळ आली, पोट लाकडासारखं कडक झालं, डांबरासारखी काळी शौच झाली, तर अन्नाची चर्चा तिथंच थांबवून तडक रुग्णालय गाठायचं. उलटलेल्या तापाचं खापरही असंच अन्नावर फुटतं. शंभरातल्या पाच-दहा जणांना ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा गाठतो, आणि घरात लगेच शोध सुरू होतो की काय खाल्लं. परवा खाल्लेल्या अंड्याचा त्यात हात नसतो. औषधाच्या तावडीतून सुटलेले जंतू शरीरात दडून राहिलेले असतात, ते पुन्हा डोकं वर काढतात.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या नावानं येतो: तापात लंघन सांगितलं आहे. सांगितलं आहे, पण नव्या तापाच्या आरंभी, आणि तेही बळ राखून. त्यापुढे शास्त्र थांबत नाही. आधी पेया, मग घट्ट विलेपी, मग मुगाचं साधं यूष, मग फोडणी-मिठाचं यूष, शेवटी मांसरस, अशी अन्नाची चढती पायरी शोधनानंतरच्या, म्हणजे शरीरशुद्धीनंतरच्या, माणसासाठी चरकसंहितेत आखलेली आहे. तापातही यवागूपासून, म्हणजे पेजेपासून, यूष आणि मांसरसापर्यंत, आणि ताप जुना झाला की तुपादुधापर्यंत जायला सांगितलं आहे. आपल्या घरांनी त्या शिडीची पहिली पायरी तेवढी लक्षात ठेवली आणि तीवरच महिनाभर मुक्काम केला. पथ्याच्या व्याख्येत शरीराला न बाधणारं याच्या जोडीला मनाला आवडणारं हेही चरकांनी धरलं आहे. ज्याच्या तोंडाची चव गेली आहे त्याच्या बाबतीत हे बारकाईनं वाचावं असं आहे.

त्यासाठी परका आहार शोधायची गरज नाही; आपल्याच आजारपणाच्या स्वयंपाकात सगळं आहे, फक्त ते पातळ करत नेण्याऐवजी भरत न्यायला हवं. मुगाचं कढण घ्या. वाटीभर मुगाची डाळ हलकी भाजून, कुकरला चांगली गाळ शिजवून, रवीनं घुसळली की ती सायीसारखी मऊ होते. यात घरोघरी एक चूक होते: वरचं पाणी गाळून आजाऱ्याला देतात आणि तळाची डाळ घरातली बाकीची माणसं खातात. कस तळाशी असतो. डाळ घुसळून त्याच पाण्यात एकजीव करावी, जिरं आणि किंचित आलं घालावं, चमचाभर तूप सोडावं. शंभर ग्रॅम डाळीत चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. ती अशी पोटात जायला कसलीच हरकत नाही. पेजेत मेतकूट कालवलं तर ती निव्वळ पिष्टाची राहत नाही, कारण मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि धान्याचंच पीठ. गोव्याकडची आटवल, आपली गुरगुट्या भाताची खिचडी, नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवलेलं, कुस्करलेलं केळं घातलेलं दही, हे सगळं मऊ आहे आणि पोटभरीचंही आहे. मांसाहारी घरात नीट उकडलेलं अंडं, काटे काढलेला शिजवलेला मासा, कोंबडीच्या सुपात बारीक कुस्करलेलं कोंबडीचं मांस. दिवसाला दोन पेले दूध, दोन अंडी, मुगाची खिचडी दोनदा, वाटीभर दही आणि माशाचे एक-दोन तुकडे एवढ्यात प्रथिनं साठीच्या पुढे जातात. मांसमच्छी न खाणाऱ्यांनी ती उणीव डाळ, दूध, ताजं पनीर आणि बारीक कुटलेल्या शेंगदाण्यांनी भरावी.

अंडं उष्ण पडतं आणि दूध जड जातं, असं यावर कुणी म्हणेल. अंड्याच्या उष्णतेनं ताप वाढल्याचं कधी मोजलं गेलेलं नाही. दुधाचं मात्र थोडं खरं आहे: जुलाब चालू असतील तर काही दिवस दुधातली साखर सोसत नाही, पोट गुडगुडतं. तेव्हा दही-ताकावर यावं आणि शौच बांधून होऊ लागली की दूध परत सुरू करावं. खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण आजारपणात शहाळी, मोसंबी आणि ग्लुकोजच्या डब्यांवर जो पैसा जातो तेवढ्यात कितीतरी दिवसांची अंडी, डाळ आणि दूध येतं. ग्लुकोज म्हणजे साखर, डब्यावरचं चित्र कितीही धावणाऱ्या मुलाचं असो. भूक लागत नाही ही अडचण सर्वांत खरी. ती ओलांडायची तर एकदम ताट वाढून समोर ठेवू नये. दोन-दोन तासांनी लहान वाटी, आणि तीत दर वेळी काहीतरी कसाचं. ‘आता चांगली औषधं आहेत, खाण्याचं एवढं कशाला?’ असाही प्रश्न येतो. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला बहुधा चार ते सहा दिवस लागतात, आणि निदानाआधी आठवडा गेलेलाच असतो. विडाल चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावर टायफॉईडचा शिक्का बसून महिनाभर पेजेवर राहिलेली माणसं तर आणखी दुर्दैवी. ती चाचणी १८९६ सालची, आणि तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. रक्तातला जंतू वाढवून पाहणं हा खरा पुरावा.

अन्नाची एक बाजू आजाऱ्याच्या ताटापुरती राहत नाही. बरे झालेल्यांपैकी शेकडा एक ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षभर किंवा त्याहून जास्त ठाण मांडतो; त्यांना काही होत नाही, पण शौचावाटे तो बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन १९०७ साली अशी सापडली आणि तिची उरलेली बरीचशी वर्षं सक्तीच्या एकांतात गेली. तिच्यावर झालेला अन्याय वेगळा लिहिण्याचा विषय आहे. इथं एवढंच की बरं झालेल्या माणसानं साबणानं हात धुतल्याशिवाय भांड्याला लावू नये आणि खानावळीत काम करत असेल तर डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय पोळपाट हाती घेऊ नये. पाणी उकळलेलं, अन्न गरम, बर्फ आणि कापलेली फळं बाहेरची नकोत. नवी मुंबई महानगरपालिकेनं २०१८ साली मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म लस द्यायला सुरुवात केली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत ती देण्याचा जगातला तो पहिला कार्यक्रम. ताटाच्या चर्चेइतकीच ही बातमी घरोघरी पोचायला हवी होती.

आजारी पडली ती घरातली बाई असेल तर वर लिहिलेलं सगळं अवघड होतं. तिचं पथ्य तिलाच शिजवावं लागतं, आणि ताप उतरला त्या दिवशी ती ओट्याशी उभी असते. बाकीच्यांसाठी पोळ्या लाटून झाल्यावर ती स्वतःसाठी सकाळची पेज गरम करते, कारण वेगळी खिचडी टाकायचं त्राण नसतं. अशा घरात पथ्याचं पुस्तक वाचून उपयोग नाही. निदान तीन आठवडे कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायला हवा.

ताप गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांना खा-खा सुटते. कालपर्यंत घास गिळवत नव्हता तोच माणूस जेवून तासाभरात डबे उघडतो, रात्री उठून भाकरीचा तुकडा शोधतो. जुन्या डॉक्टरांना या भुकेची धास्ती होती, आणि घरात अजूनही तिला हावरेपणा म्हणून दटावतात: ‘आत्ताच तर उठलास, पोटाला झेपेल का?’ ही झिजलेले स्नायू परत भरू पाहणाऱ्या शरीराची भूक असते. दर रविवारी त्याच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी वजन करून कॅलेंडरच्या पानावर लिहीत गेलं तर ती दिसते: पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे, मग अर्धा किलो, मग एक. तापाआधीचा आकडा यायला दोन महिनेही लागतात. तोवर खिचडीच्या पातेल्यात मूठभर डाळ जास्तीची टाकत राहावी.